शागोती तपकिरीच राहू द्या

वाचकाचं पत्र : "मी फोंडा तालुक्यातल्या एका गावात राहते. घरी नवरा, दोन मुलं आणि सासूबाई. काही वर्षांपूर्वी ओव्हन घेतला, तेव्हापासून केक, बिस्किटं, बात्क (रवा-नारळाचा गोवेकरी केक) असं काही ना काही चालू असतं, आणि केलेल्या पदार्थाचा मोबाईलवर फोटो काढायचा नादही लागला. केकचे फोटो बरे येतात. पण आमची शागोती (भाजल्या खोबऱ्याच्या वाटणाचा रस्सा), तोंडाक (खोबऱ्याच्या वाटणातली उसळ), खतखते (मिश्र भाज्यांचा रस्सा), दोदोल (नारळ-गुळाची मिठाई), अगदी थराथरांची बेबिंकासुद्धा फोटोत चिखलासारखी दिसते. हळूहळू असं झालंय की फोटोत काय उठून दिसेल ते बघूनच मी आठवड्याचा बेत ठरवते. परवा नवरा म्हणाला, 'घरात तोंडाक होऊन महिना झाला.' फोटो होईपर्यंत जेवण निवतं ते वेगळंच. सासूबाई म्हणतात, अन्नाचे फोटो काढू नयेत, दृष्ट लागते. त्यात पावसात आमच्या स्वयंपाकघरात दिवसाही दिवा लावावा लागतो. नवरा साठ हजारांचा कॅमेरा घेऊन द्यायला तयार आहे. घेऊ का? आणि चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) नेवऱ्यांचे, म्हणजे करंज्यांचे, फोटो यंदा तरी चांगले यावेत म्हणून काय करू?"

प्रिय ताई,

कॅमेऱ्याचं आणि नेवऱ्यांचं पुढे सांगतेच, पण तुमच्या पत्रातलं खरं दुखणं मधल्या एका वाक्यात आहे : घरात तोंडाक होऊन महिना झाला. आधी त्याबद्दल बोलू. घरात काय शिजावं हे भूक ठरवते, बाजारात काय मिळालं ते ठरवतं, वार ठरवतो, श्रावण ठरवतो. मोबाईलनं ते ठरवू नये. केक करू नका असं मी मुळीच म्हणत नाही. मुलांना आवडतो, तुम्हाला जमतो, अवश्य करा. पण शागोती फोटोत बरी दिसत नाही म्हणून मागे पडत असेल, तर त्यात दोष ना शागोतीचा, ना तुमच्या हाताचा, ना मोबाईलचा. दोष उजेडाच्या दिशेचा आहे आणि ती दिशा बदलायला पैसे पडत नाहीत.

केकचं काम सोपं असतं. त्याला स्वतःचा आकार आहे, रेखीव कडा आहेत, वर पांढरं क्रीम आहे. ट्यूबखाली ठेवला तरी तो केकच दिसतो. शागोतीला आकार नाही आणि सगळा कारभार एकाच रंगाचा. तिच्याजवळ जे आहे ते निराळं : वर आलेला तेलाचा तवंग, वाटणाचा बारीक रवाळपणा, रश्शातून डोकावणाऱ्या फोडीची कड. हे सगळं डोळ्याला कळतं ते चकाकीमुळे आणि सावलीमुळे. उजेड डोक्यावरून किंवा तुमच्या पाठीमागून पडला की चकाकीही जाते, सावलीही जाते, आणि उरतो नुसता तपकिरी रंग. नांगरलेलं शेत सकाळच्या तिरप्या उन्हात बघा, सरी न् सरी मोजता येते. भर बारा वाजता तेच शेत सपाट दिसतं. तुमच्या ओट्यावरच्या ट्यूबखाली कायम बारा वाजलेले असतात.

तर वाडगं उचला आणि खिडकीपाशी न्या. खिडकी तुमच्या पाठीशी नको. ती वाडग्याच्या पलीकडे, जराशी डावीकडे किंवा उजवीकडे हवी, म्हणजे उजेड पदार्थावरून घसरत तुमच्याकडे येईल. घरातले सगळे दिवे बंद करा. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात : पिवळ्या बल्बचा उजेड साधारण २७०० ते ३००० केल्विनचा असतो आणि ढगाळ दिवसाचा ६००० च्या पुढे. दोन्ही एकाच ताटावर पडले की पांढरं कशाला म्हणावं हे मोबाईलला उमगत नाही. मग अर्धा भात पिवळा येतो, अर्धा निळसर. एकच उजेड ठेवा, तोही खिडकीचा. आता वाडग्याच्या अलीकडे, तुमच्या बाजूला, वहीएवढा पांढरा पुठ्ठा उभा करा, म्हणजे सावलीतली बाजू थोडी उजळेल. थोडीच उजळू द्या. सावली पार पुसली तर पुन्हा चिखल.

मोबाईलची एक खोडही माहीत असू द्या. समोरचं सगळं दृश्य सरासरी मध्यम राखाडी आहे असं धरून तो उजेड मोजतो. म्हणून पांढऱ्या बशीतल्या सान्ना (आपल्या इडलीसारख्या) मळकट येतात आणि काळ्या मातीच्या कुंडल्यातली शागोती फिकट, धुरकट येते. स्क्रीनवर पदार्थावर बोट टेकवा, बाजूला सूर्याचं चिन्ह दिसेल, ते सरकवा : सान्नांसाठी वर, शागोतीसाठी खाली. तपकिरी पदार्थांचे बिघडलेले कितीतरी फोटो एवढ्यावर सुधारतात. आणि फोटो काढण्याआधी लेन्स पदराला पुसा. स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या मोबाईलवर तेलाचं बोट असणारच, आणि त्या एका बोटानं सगळ्या फोटोवर धुकं पसरतं. फार जवळ जाऊन काढू नका, वाडग्याची पुढची कड फुगल्यासारखी दिसते. दोन पावलं मागे या आणि दुप्पट झूम घ्या.

पावसाबद्दल तुम्ही लिहिलंत ते मला समजतं. आपली घरं पावसासाठीच बांधलेली, वळचण खाली उतरलेली, खिडक्या लहान, स्वयंपाकघर मागच्या अंगाला. पण तुमचा फोटो स्वयंपाकघरातच व्हायला हवा असं कुणी सांगितलं? घराला राजांगण, म्हणजे मधला उघडा चौक, असेल तर ढगाळ दिवशी त्याच्या कडेला इतका सुंदर मऊ उजेड मिळतो की दुसरं काही नको. राजांगण नसेल तर पुढचं दार उघडा आणि सोप्यावर, उंबऱ्यापासून हातभर आत ठेवा. खिडकीपासून जसजसं आत जाल तसा उजेड फार झपाट्यानं घटतो. त्यामुळे वाडगं हातभर पुढे सरकवण्यानं जो फरक पडतो तो महागड्या मोबाईलनंही पडत नाही. गोव्यातल्या जुन्या घरांतून काचेऐवजी शिंपल्याच्या चकत्या बसवलेल्या खिडक्या असत, काही ठिकाणी अजून आहेत. शिंपल्यातून ऊन गाळून आत येतं, सावलीची कड मऊ होते आणि चकाकी राहते. अन्नाच्या फोटोला याहून चांगली खिडकी मला माहीत नाही. तुमच्याकडे नसली तर जुनं पांढरं धोतर खिडकीवर ताणून लावा, काम तेच होतं.

फोटोग्राफीच्या परदेशी धड्यांत हमखास सांगतात की उत्तरेची खिडकी घ्या, तिच्यात ऊन येत नाही. गोवा साडेपंधरा अक्षांशावर आहे. मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत आपल्याकडे दुपारचा सूर्य माथ्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि मार्चच्या अखेरीपासूनच तो ईशान्येकडे झुकून उगवतो. म्हणजे ऐन आंब्याफणसाच्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीतून ऊन थेट ताटात येऊ शकतं. कुणाचा नियम पाळण्यापेक्षा आपल्या घरात कुठल्या महिन्यात कुठे उजेड असतो ते बघून ठेवा. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजतो तेव्हा एकदा आणि दुपारी जेवणाआधी एकदा घरभर चक्कर मारा, चार दिवसांत घर कळेल. पावसात मात्र अकरा ते दोन हीच वेळ, त्यानंतर झगडत बसू नका.

आता ज्यासाठी मला हे पत्र लिहावंसं वाटलं ते सांगते. तुम्ही फक्त तयार पदार्थाचा फोटो काढता. शागोतीची खरी गोष्ट ताटात नसते, ती कढईत असते, खोबरं भाजताना. ओलं खोबरं, धणे, खसखस, सुक्या मिरच्या, बडीशेप, बाद्यान, दगडफूल हे सगळं माहीत असूनही एका घरची शागोती दुसऱ्या घरासारखी होत नाही, कारण खोबरं कुठवर भाजायचं हे ज्याचं त्याचं वेगळं असतं. आधी ते पांढरं असतं, मग कडेनं साय धरल्यासारखं पिवळसर होतं, मग विटकरी, आणि शेवटी भाजलेल्या काजूच्या टरफलाच्या जवळपास जातं. विटकरीवर थांबलात तर रस्सा गोडसर होतो, आणखी थोडं पुढे गेलात तर खमंग, त्याच्याही पुढे गेलात तर कडू. तुमच्या सासूबाई बरोबर कुठे थांबतात? हे त्यांना शब्दांत विचारलंत तर त्या म्हणतील, "वास येतो तोवर." त्या वासाचा फोटो निघत नाही, पण त्या क्षणीच्या रंगाचा निघतो.

म्हणून पुढच्या शागोतीला असं करा. कढई उतरवल्यावर भाजलेलं खोबरं पांढऱ्या बशीत चमचाभर काढा, खिडकीपाशी न्या, एक फोटो घ्या. बशी पांढरीच हवी, म्हणजे फोटोतला रंग खरा आहे की नाही हे पुढे कुणालाही बशीकडे बघून ताडता येईल. फिल्टर लावू नका, रंग गडद करू नका. इथे फोटो सुंदर असण्यापेक्षा खरा असणं जास्त गरजेचं आहे, कारण तुमची लेक उद्या पुण्यात नाहीतर दुबईत शागोती करायला उभी राहील तेव्हा ती मोबाईल कढईशेजारी धरून रंग जुळवणार आहे. तयार शागोतीच्या फोटोचा तिला काडीचा उपयोग नाही.

त्याच वेळी वजनकाटा ओट्यावर आणा. तुम्ही बेकिंग करता, म्हणजे काटा घरात असणारच. सासूबाईंना मापं विचारू नका. त्यांच्या मुठीतून जे पडतं ते आधी काट्यावरच्या वाटीत पडू द्या, ग्रॅम लिहून घ्या, मग कढईत जाऊ द्या. केकला १८० अंश आणि मैदा इतके ग्रॅम हे जितकं काटेकोर पाळता, तितकाच मान त्यांच्या तोंडाकातल्या काजूला आणि खतखत्यातल्या तिरफळांना मिळाला पाहिजे. खतखत्यात त्या कुठल्या भाज्या कुठल्या क्रमानं टाकतात, तिरफळं वाटून घालतात की ठेचून आणि कितव्या उकळीला, या सगळ्याचे फोटो काढा. हातांचे काढा. पातोळ्या करताना हळदीच्या पानावर तांदळाचं पीठ थापणारी बोटं किती पातळ थापतात, हे कुठलंही वर्णन नीट सांगू शकत नाही.

मला वाटतं, दृष्टीचा प्रश्नही यात पुष्कळसा सुटेल. त्यांच्याशी वाद घालू नका. वाढलेल्या ताटावर मोबाईल रोखला की जुन्या माणसाला ते बरं वाटत नाही, मग कारण दृष्टीचं असो की पंगत खोळंबण्याचं. नैवेद्य दाखवायच्या आधी कुठल्याही पदार्थाचा फोटो काढायचा नाही, हे आपणहून मान्य करा आणि तसं त्यांना सांगा. सोवळ्यातल्या स्वयंपाकाच्या वेळी मोबाईल बाहेर ठेवा. बाकीच्या दिवशी त्यांच्या हातांचे फोटो त्यांना विचारून काढा आणि त्याच दिवशी दाखवा. आपल्या हाताची कुणी अशी नोंद ठेवतंय हे आवडणार नाही अशी सासू मी तरी पाहिलेली नाही.

जेवण निवण्यावर उपाय सरळ आहे. फोटोची वाटी वेगळी, पंगत वेगळी. स्वयंपाक चालू असतानाच खिडकीपाशी रिकामं वाडगं ठेवून बघा, पुठ्ठा लावा, कोन ठरवा, मोबाईल स्टँडवर किंवा डब्यांच्या चळतीला टेकून स्थिर करा आणि तीन सेकंदांचा टायमर लावा. अंधूक दिवशी मोबाईल हलला नाही तर निम्मं काम फत्ते. मग पळीभर शागोती त्या वाडग्यात, दोन फोटो, आणि मुलांची ताटं तोवर वाढून झालेली. प्रत्येक पदार्थाला थांबायला लावायची गरजही नसते. रवा लावून तळलेले बांगडे दहा मिनिटांत कुरकुरीतपणा सोडतात, त्यांचा फोटो कढईतून काढल्याबरोबर नाहीतर नाहीच. सोलकढी उभी राहिली की नारळाचा रस वर आणि पाणी खाली होतं, म्हणून ऐन वेळी ढवळा आणि काचेच्या पेल्यात घ्या. शागोती उलट पाच मिनिटं ठेवलेली बरी, तवंग वर येतो. दोदोल आणि बेबिंका तर दिवसच्या दिवस थांबतात, त्यांच्यासाठी मुलांना ताटकळत ठेवायचं कारणच नाही.

ताटाबद्दल थोडंसं. स्टीलच्या ताटात खिडकी, छत आणि तुमचा गाऊन सगळं दिसतं. ताट जरा फिरवून बघा, एखाद्या कोनात ते जातं, नाहीतर मातीचं किंवा चिनी मातीचं भांडं घ्या. केळीचं पान मला फार आवडतं, पण पानावर भात वाढलात तर त्याच्या कडेला हिरवी झाक येते. तपकिरी रश्शाला पानाचा त्रास नाही, उलट शोभा येते.

बेबिंकाचं जरा सविस्तर सांगते, कारण ती चिखलासारखी दिसावी याचं मला मनापासून वाईट वाटलं. २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळालेला हा आपला पदार्थ. अंड्यातलं पिवळं, नारळाचा रस, साखर, तूप, मैदा, जायफळ, आणि एकावर एक भाजलेले सात थर, जुन्या रीतीनं सोळापर्यंत. पूर्वी झाकणावर नारळाच्या सोडणांचे निखारे ठेवून वरून भाजत, कारण प्रत्येक थराला वरून रंग यायला हवा. तुमच्या ओव्हनमध्येही पहिला थर बसला की फक्त वरची कॉईल चालू ठेवा. प्रत्येक थर नीट तांबूस झाल्यावर त्याच्यावर तूप फिरवा आणि मगच पुढचा ओता. घाईत फिकट राहिलेल्या थरांमुळेच सगळी बेबिंका एकरंगी होते. तिथे उजेड काहीच करू शकत नाही, ते भाजतानाच साधावं लागतं. पूर्ण निवल्याशिवाय सुरी लावू नका. कोमट असताना कापली तर थर एकमेकांवर फासले जातात. धारदार सुरी घ्या, प्रत्येक कापानंतर ओल्या फडक्यानं पुसा. आणि फोटोसाठी बोटभर जाडीचीच चकती कापा, उभी ठेवा, खिडकी तिच्या थेट मागे. फिकट थरांतून उजेड आरपार येतो, तांबूस थर रेघांसारखे उभे राहतात. वरून काढलेल्या फोटोत नुसता तपकिरी चौकोन दिसतो, आणि मला वाटतं तुम्ही वरूनच काढत असाल. बात्क मात्र वरून काढा, तिची शोभा वरच्या पट्ट्यांच्या जाळीत आहे.

कॅमेरा आता घेऊ नका. साठ हजार ही मोठी रक्कम आहे, आणि उजेड चुकीच्या दिशेनं आला तर कॅमेराही चिखलच दाखवेल, फक्त जास्त स्पष्ट. शिवाय आपल्या हवेत लेन्स सांभाळणं हे एक वेगळंच काम होऊन बसतं. हवेतली आर्द्रता ६०-६५ टक्क्यांपुढे गेली की लेन्सच्या आत बुरशी धरू शकते, आणि पावसाळ्यात आपल्याकडे ती ८० च्या पुढे असते. कॅमेरा घेतलात तर सिलिका जेल टाकलेला हवाबंद डबा तरी लागेलच. त्यापेक्षा यजमानांना सांगा, आधी ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर आणि मोबाईलचा एक बरा स्टँड घेऊन द्या. घरगुती ओव्हनची चकती १८० दाखवते तेव्हा आत तेवढं असतंच असं नाही, आणि तुमच्या केकलाही त्याचा फायदा होईल. पुढच्या चवथीपर्यंत खिडकीशी मैत्री टिकली आणि मोबाईल खरोखर अपुरा वाटला, तर तेव्हा कॅमेरा घ्या, मी आडवी येणार नाही.

राहिल्या नेवऱ्या. चवथीच्या दिवशी त्यांचा फोटो काढायला जाऊ नका, त्या दिवशी तुम्हाला श्वास घ्यायला फुरसत नसते. नैवेद्याच्या नेवऱ्या डब्यातच राहू द्या. नैवेद्य झाल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी, उरलेल्यांतल्या चार-पाच घ्या आणि खिडकीच्या बाजूला तिरप्या मांडा. नेवरीचं सौंदर्य मुरडीत आहे, म्हणून मुरड घातलेली कड उजेडाकडे आली पाहिजे, म्हणजे प्रत्येक पिळाखाली बारीक सावली पडते. उजेड पुढून आला तर मुरड पुसून सपाट पट्टी दिसते, गेल्या वर्षी तुमचं तेच झालं असणार. एक नेवरी मधोमध मोडून सारण दिसेल अशी पुढे ठेवा. आणि मुरड सासूबाई घालत असतील तर तळणाच्या आदल्या टप्प्यावर, पीठ कच्चं असताना, त्यांच्या अंगठ्याचा छोटा व्हिडिओ घ्या, अर्थात त्या दिवशी सोवळं नसेल आणि त्यांची हरकत नसेल तरच. नाहीतर दिवाळीला पुन्हा नेवऱ्या होतीलच, तेव्हा घ्या.